कारखान्याने शाळेला काय द्यावे?

महाराष्ट्रातल्या माध्यमिक शाळांच्या वेळापत्रकात काही तास असे असतात, की परीक्षा जवळ आली की गणिताचे किंवा इंग्रजीचे शिक्षक ते हक्काने मागून घेतात. कार्यानुभवाचा तास त्यांपैकी एक, पर्यावरणाचा दुसरा. दोन्ही विषयांना गुण नसतात, श्रेणी असते. दोन्हींचे प्रकल्प बहुधा एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरतात. कार्यानुभवात कागदी फुले होतात, पर्यावरणात ओझोनच्या थराची आकृती होते, आणि दहावीचा निकाल लागला की दोन्ही विसरले जातात.

या दोन्ही विषयांचा जन्म मात्र फार गंभीर विचारातून झालेला आहे. कार्यानुभवाची कल्पना कोठारी आयोगाने (१९६४–६६) मांडली. शिक्षण आणि उत्पादक श्रम यांच्यातली दरी बुजवल्याशिवाय देश उभा राहणार नाही, असे त्या आयोगाला वाटत होते. पर्यावरण हा विषय शाळेत सक्तीचा झाला तो एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिलेल्या आदेशामुळे. एक विषय देशाच्या पोटापाण्यासाठी आला, दुसरा देशाच्या हवापाण्यासाठी. दोन्ही वर्गाच्या चार भिंतींत आले आणि तिथेच सुकले.

माझे म्हणणे असे आहे, की हे मुळात दोन विषय नाहीतच. कोणतेही काम म्हणजे निसर्गाकडून काहीतरी घेणे, त्याला आकार देणे आणि उरलेले कुठेतरी टाकणे. सुतार लाकूड घेतो, रंगारी पाणी घेतो, ओतारी कोळसा किंवा वीज घेतो. काय घेतले, किती घेतले, उरले ते कुठे गेले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे ज्याला कळत नाही त्याला काम अर्धेच कळले आहे. आणि काम कसे चालते हे न पाहता जो पर्यावरण शिकतो त्याच्या हाती फक्त घोषणा येतात. हे दोन अर्धे तुकडे एकत्र दिसतात ते कामाच्या ठिकाणी: वर्कशॉपमध्ये, दूध संकलन केंद्रात, बेकरीत, रंगाईच्या कारखान्यात, कचरा वर्गीकरणाच्या शेडमध्ये. म्हणून शाळा आणि उद्योग यांनी एकत्र यायला हवे. प्रश्न आहे तो कोणत्या अटींवर, याचा.

महाराष्ट्राला ही वाट नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, त्याआधी ते ओगल्यांच्या काचसामानाची आणि किर्लोस्करांच्या मालाची विक्री करत गावोगाव हिंडले होते. ‘कमवा आणि शिका’ रुजवणाऱ्या या माणसाला कारखाना, बाजार आणि शेतकऱ्याचे घर तिन्ही आतून माहीत होते. ज्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, ते स्वतः आधी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिकवत होते. शिक्षक कारखानदार होत होता आणि विक्रेता शिक्षणमहर्षी होत होता. शाळा आणि कारखाना यांच्यामध्ये आज जी भिंत दिसते ती पुढे कधीतरी बांधली गेली.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला महात्मा गांधींनी बोलावलेल्या परिषदेत हस्तोद्योगातून शिक्षण देण्याची योजना मांडली गेली. तिचा आराखडा झाकीर हुसेन समितीने तयार केला. त्या अहवालातला एक इशारा मला आजही सर्वांत मोलाचा वाटतो: आर्थिक बाजूवर फार भर दिला, तर मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्यातच शिक्षकांची शक्ती खर्च होईल आणि शिक्षण बाजूला राहील. जे लोक श्रमशिक्षणाची योजना आखत होते त्यांनीच तिचा धोका लिहून ठेवला होता. आज कारखान्याशी करार करणाऱ्या प्रत्येक मुख्याध्यापकाने तो इशारा वाचायला हवा.

आणि मग पाबळ. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या या दुष्काळी गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेतून अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट घेऊन आलेले आणि हिंदुस्थान लिव्हरच्या मुंबईतल्या संशोधन केंद्रात वरिष्ठ पदावर काम केलेले कलबाग कॉर्पोरेट जग पूर्ण ओळखून होते. तिथून ते कोणा कंपनीची योजना घेऊन आले नाहीत, कामाची शिस्त घेऊन आले. त्यांच्या पद्धतीत आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे त्याचे चार विभाग. शिकवायला गावातलाच कसबी माणूस निदेशक म्हणून येतो. मुलीही वेल्डिंग करतात आणि मुलगेही स्वयंपाकघरातले काम शिकतात. यातला सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे लोकोपयोगी सेवा: मुलांनी केलेले काम गावात कोणाला तरी खरोखर लागते आणि तो त्याचा खर्च देतो. फाटकाचे वेल्डिंग कच्चे राहिले तर घरमालक ते परत पाठवतो. ही परीक्षा कोणत्याही श्रेणीपेक्षा खरी आहे. राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने हा अभ्यासक्रम मान्य केला, आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या बाहेरची पहिली फॅब लॅब (संगणकचलित यंत्रांची कार्यशाळा) २००२ मध्ये याच पाबळला सुरू झाली. कलबाग २००३ मध्ये गेले. त्यांची पद्धत पुढे अनेक शाळांत पोचली. तरी राज्यातल्या बहुसंख्य शाळांत कार्यानुभव कागदी फुलांपाशीच थांबला आहे.

आता पुन्हा एक संधी आली आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना, स्थानिक सुतार, माळी, कुंभार अशा कसबी लोकांबरोबर घालवायला सांगितले. २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना तरी व्यवसायशिक्षणाची ओळख व्हावी, असे लक्ष्य त्याच धोरणाने ठेवले होते. दुसऱ्या बाजूला, कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार १ एप्रिल २०१४ पासून ठरावीक आकारावरच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात. शिक्षण, व्यवसायकौशल्ये आणि पर्यावरण तिन्ही त्या कामांच्या यादीत आहेत. शाळेला उद्योग हवा आहे आणि उद्योगाला शाळा हवी आहे.

पण या गरजेतून जे घडते ते बहुतेक वेळा दोनच प्रकारचे असते. पहिल्या प्रकारात कंपनी पैसे देते: स्वच्छतागृह, संगणक, पाण्याची टाकी, पावसाळ्यात रोपे. त्यातले बरेच उपयोगी असते आणि मी त्याला कमी लेखत नाही. शाळेत मुलींसाठी चालू स्थितीतले स्वच्छतागृह असणे ही मोठीच गोष्ट आहे. पण रोपे लावताना काढलेल्या छायाचित्रातून मुलाला कंपनीबद्दल काहीच कळत नाही. ती काय बनवते, किती पाणी उचलते, किती वीज जाळते, तिची राख किंवा गाळ कुठे जातो, यातले काही नाही. उलट त्याच्या मनात एक चुकीचे समीकरण पक्के होते, की कारखाना आत काहीही करो, पर्यावरण म्हणजे बाहेर लावलेले झाड. दुसऱ्या प्रकारात कंपनीला हवी तशी माणसे शाळेतच घडवायची असतात. मग शिक्षण एका यंत्रापुरते, एका दुकानसाखळीच्या काउंटरपुरते आकसते. ते यंत्र बदलले की सोळाव्या वर्षी शिकलेले सतराव्या वर्षी निकामी होते.

म्हणून उद्योगाने शाळेला पैशाआधी तीन गोष्टी द्याव्यात: आपले दार, आपला हिशेब आणि आपला जाणता माणूस. यातून काय शिकता येते ते ठोस उदाहरणांनी सांगतो.

पुण्याजवळ भोसरीत, कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावात किंवा नाशिकला सातपूरमध्ये शेकडो लहान वर्कशॉप आहेत. त्यांपैकी बहुतेकांत हवेचा कॉम्प्रेसर असतो. हवेच्या नळ्यांच्या सांध्यांतून, जुन्या होजमधून, सैल क्लॅम्पमधून दिवसरात्र थोडी थोडी हवा गळत राहते. नववीच्या मुलांचा गट साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी तिथे न्या. सगळी हत्यारे बंद, फक्त कॉम्प्रेसर चालू. कोणीच हवा वापरत नसताना तो किती वेळ भारावर चालतो आणि किती वेळ विसावतो, हे मुलांनी घड्याळ लावून नोंदवायचे. दोन मिनिटे भार आणि सहा मिनिटे विसावा असे दिसले, तर दोन भागिले आठ: कॉम्प्रेसरच्या क्षमतेतली पंचवीस टक्के हवा केवळ गळतीत जाते आहे. मग साबणाचे पाणी घेऊन सांधे तपासायचे, बुडबुडे येतील तिथे खूण करायची, वीजबिल मागून वाया जाणाऱ्या युनिटांचे रुपये काढायचे. शेवटी देशाच्या वीजजाळ्यातल्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हे धरून वर्षाचा आकडा मांडायचा. इथे गुणोत्तर आहे, भौतिकशास्त्र आहे, भूगोल आहे, कारण ही वीज चंद्रपूर-कोराडीच्या कोळशाशी जोडलेली आहे. आणि या पाहणीचा मालकालाही उपयोग आहे. मुलांनी केलेल्या खुणांवर दुसऱ्या दिवशी फिटर पाना लावतो, तेव्हा आपल्या अभ्यासाने जगात काहीतरी बदलले हे मुलांना दिसते.

हा धडा सोपा आहे, कारण इथे मालकाचा फायदा आणि पर्यावरणाचा फायदा एकाच दिशेला आहेत. कंपन्यांना असेच धडे आवडतात. पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना एवढेच दाखवणे म्हणजे त्यांना अर्धे सत्य सांगणे. जिथे फायदा आणि पर्यावरण समोरासमोर उभे राहतात तिथेही त्यांना न्यायला हवे.

इचलकरंजी घ्या. यंत्रमागांचे हे शहर हजारो घरांना भाकरी देते. कापड रंगवायला आणि धुवायला भरपूर पाणी लागते, आणि रंग व मीठ मिसळलेले ते पाणी शुद्ध करायला पैसे लागतात. जो कारखानदार ते नीट शुद्ध करतो त्याचा मीटरमागचा खर्च वाढतो. जो तसेच सोडतो त्याचा दर कमी राहतो आणि काम त्याच्याकडे जाते. इथल्या पंचगंगा नदीच्या प्रदूषणात शहरांच्या सांडपाण्याचाही मोठा वाटा आहे. म्हणजे दोषाचे बोट एकाच दिशेला दाखवून सुटका नाही. या सगळ्याची मांडणी मुलांनी स्वतः केली, एका प्रामाणिक कारखानदाराकडून त्याची अडचण ऐकली, एका कामगाराकडून त्याच्या मजुरीचे गणित ऐकले, नदीकाठच्या गावातल्या माणसाचे म्हणणे ऐकले, तर त्यांना कळेल की चांगल्या मनाने सगळे प्रश्न सुटत नाहीत. प्रामाणिक माणूस बाजारात हरू नये म्हणून नियम लागतो आणि तो सर्वांना सारखा लागू व्हावा लागतो. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातला कायदा इथे जिवंत होतो.

तिसरे उदाहरण पुण्यातल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेचे. कागद-काच-पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून उभी राहिली, आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार करून कचरावेचकांच्याच मालकीची ही सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करू लागली. कोणत्या प्लॅस्टिकला भाव मिळतो, कोणत्याला मिळत नाही, हे इथल्या अनुभवी बाईला हातात घेताच कळते. पाण्याची बाटली विकली जाते. वेफर्सच्या पाकिटाला, ज्यात वेगवेगळे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, फारसे कोणी विचारत नाही. एक सकाळ तिच्याबरोबर वर्गीकरण केलेला मुलगा घरी येऊन वेफर्सचे पाकीट वेगळ्या नजरेने पाहील. हे पाकीट असे का बनवले, ते कोणी ठरवले, आणि २०१६च्या प्लॅस्टिक कचरा नियमांनी ते परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली असताना ते अजून नाल्यात का आहे, असे प्रश्न त्याला पडतील. हे प्रश्न एखाद्या मोठ्या कंपनीच्या पॅकेजिंग विभागातल्या अभियंत्यासमोर बसून विचारता आले, तर भागीदारी या कल्पनेला अर्थ येईल. आणि त्या दिवशी त्या मुलाची पहिली शिक्षिका एक कचरावेचक असेल. तिला त्या दिवसाचे मानधन मिळालेच पाहिजे.

इथे दोन आक्षेप येतात आणि दोन्ही खरे आहेत.

पहिला आक्षेप जातीचा आहे. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या हाताने काम करण्यात गेल्या, त्या समाजांनी शाळेकडे पाहिले ते त्या कामातून सुटण्याची वाट म्हणून. महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ज्या शिक्षणासाठी झगडा केला ते परंपरागत धंद्याला बांधून ठेवणारे नव्हते. मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजाजींनी १९५३ मध्ये अर्धा दिवस शाळा आणि उरलेला वेळ वडिलांचा धंदा अशी योजना आणली, तेव्हा तिला कडाडून विरोध झाला आणि १९५४ मध्ये ती मागे घ्यावी लागली. तो विरोध रास्त होता. म्हणून श्रमशिक्षण फक्त जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकेच्या शाळांत आणि प्रयोगशाळा फक्त महागड्या शाळांत, अशी वाटणी झाली तर ती मोडून काढली पाहिजे. पुण्यात डेक्कनवरच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेतल्या मुलाने कचरा वर्गीकरण केलेच पाहिजे, आणि कचरावेचकाच्या मुलीला पॅकेजिंगची प्रयोगशाळा दिसलीच पाहिजे. कामाचा अनुभव सगळ्यांना सक्तीचा नसेल, तर तो जातिव्यवस्थेचेच काम पुढे चालवील.

दुसरा आक्षेप बालमजुरीचा. २०१६च्या दुरुस्तीनंतर कायदा स्पष्ट आहे: चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आहे, शाळेनंतरच्या कौटुंबिक मदतीसारखे थोडे अपवाद सोडून, आणि चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोकादायक कामांत घेता येत नाही. त्यामुळे भट्टीसमोर, रसायनांच्या टाकीपाशी मुले सुरक्षित अंतरावरून पाहतील, हात लावणार नाहीत. पण कायद्याचे पालन एवढेच पुरेसे नाही. ज्या दिवशी कारखान्याचे उत्पादन मुलांच्या येण्यावर अवलंबून राहील, त्या दिवशी शिक्षण संपले असे समजावे. मुले आली नाहीत म्हणून मालाची गाडी थांबते का, एवढा एक प्रश्न विचारला तरी शिक्षण कुठे संपले आणि मजुरी कुठे सुरू झाली ते कळते.

यावरून अटी निघतात, आणि त्या लेखी असायला हव्यात. अभ्यासक्रम शाळेचा राहील. कंपनीचे नाव त्यात येईल ते माहिती म्हणून, जाहिरात म्हणून नाही. कंपनी आपले वीज-पाण्याचे आकडे, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र आणि दरवर्षी मंडळाला द्यावे लागणारे पर्यावरण विवरण मुलांना मराठीत समजावून सांगेल. शेअर बाजारात नोंदलेल्या पहिल्या हजार कंपन्यांना बाजाराची नियामक असलेल्या सेबीने २०२२-२३ पासून पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल प्रसिद्ध करायला लावलाच आहे. तो कारखान्याशेजारच्या शाळेतल्या मुलाला वाचता आला नाही तर तो कोणासाठी लिहिला? मुलांनी विचारलेल्या कोणत्याही प्रश्नामुळे देणगी थांबणार नाही, हेही करारात लिहिलेले असावे. आणि मूल्यमापन कंपनी करणार नाही.

या शेवटच्या अटीसाठी जर्मनीकडे पाहावे. तिथल्या दुहेरी शिक्षणपद्धतीत तरुण काही दिवस कंपनीत आणि काही दिवस व्यवसायशाळेत शिकतो, पण त्याची परीक्षा त्याचा मालक घेत नाही. उद्योग आणि कारागिरांच्या मंडळांनी नेमलेल्या समित्या घेतात. ऑगस्ट २०२१ पासून तिथे नव्याने आखलेल्या प्रत्येक व्यवसायाच्या प्रशिक्षणात पर्यावरणरक्षण आणि शाश्वतता हा भाग सक्तीचा झाला आहे, मग तो व्यवसाय बेकरीचा असो, बँकेचा असो की वेल्डिंगचा. त्यासाठी वेगळा तास ठेवलेला नाही. तो कामाच्याच पोटात घातला आहे. आपली परिस्थिती वेगळी आहे, आपला बहुतेक रोजगार असंघटित आहे, म्हणून ती पद्धत उचलून आणता येणार नाही. पण पुण्यातल्या मराठा चेंबरसारखी १९३४ पासूनची उद्योजकांची संस्था आणि औद्योगिक वसाहतींतल्या उद्योजकांच्या संघटना आपल्याकडेही आहेत. एकेका शाळेने एकेका कंपनीच्या दारात उभे राहण्यापेक्षा तालुक्यातल्या शाळांनी मिळून अशा संघटनेशी करार केला, तर शाळेची मान ताठ राहील आणि लहान वर्कशॉपवरही भार पडणार नाही.

शिक्षकांचा विचार केल्याशिवाय यातले काही होणार नाही. जनगणनेपासून निवडणुकीपर्यंतच्या कामांनी आधीच दमलेल्या माणसावर आणखी एक उपक्रम टाकला तर तो अहवाल लिहील आणि छायाचित्रे जोडील. दर शाळेत एका शिक्षकाला या कामासाठी आठवड्यातून ठरलेले तास मिळावेत, त्याने उन्हाळ्यात काही दिवस स्वतः कारखान्यात घालवावेत, आणि त्या दिवसांची सेवेत नोंद व्हावी. सामाजिक जबाबदारीचा निधी खर्च करायचाच असेल तर तो इथे करावा: मुलांच्या बसभाड्यावर, सुरक्षा बुटांवर, निदेशकाच्या मानधनावर. रंगवलेल्या भिंतीपेक्षा हा खर्च कमी दिसतो आणि जास्त टिकतो.

दहावीच्या मुलांसमोरचे जग असे आहे, की त्यांना काम हवे आहे आणि त्याच कामाने तापलेल्या हवेत, आटलेल्या विहिरींत जगायचेही आहे. हा पेच आपण त्यांच्यासाठी तयार केला. निदान तो त्यांच्यापासून लपवू तरी नये. शिक्षण मंडळाने कार्यानुभव आणि पर्यावरण हे दोन विषय एकत्र करावेत, त्याला आठवड्यातला एक पूर्ण दिवस आणि खरे गुण द्यावेत, आणि तो दिवस शाळेबाहेर खऱ्या कामाच्या ठिकाणी घालवणे बंधनकारक करावे. उद्योजकांनी दार उघडावे आणि प्रश्नांना घाबरू नये. पालकांनी आपल्या मुलीच्या हाताला लागलेले ग्रीस पाहून शाळेत तक्रार करण्याऐवजी आज काय शिकलीस, हे विचारावे. जी मुलगी पंधराव्या वर्षी कारखान्याचे वीजबिल वाचून त्यातली गळती शोधू शकते, ती पंचविसाव्या वर्षी त्याच कारखान्यात अभियंता असो, कामगार असो, मालक असो की शेजारच्या गावची सरपंच, त्याचा हिशेब मागण्याची आणि तो नीट देण्याची तयारी तिच्यात असेल. तिच्यासाठी हे सगळे करायचे आहे, आणि ते करायला लागणारे दार, हिशेब आणि माणूस तिन्ही आपल्याच गावात आहेत.